दार लावून खेळलेली फायनल

आमच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल सुरू झाला तेव्हा सोलापुरात तो कुणी पाहिलेला नव्हता. खो-खो खेळणाऱ्या मुली गावाला माहीत होत्या. फुटबॉल हा गिरणीतल्या बाप्यांचा खेळ. संध्याकाळी पाळी सुटली की ते मैदानावर धूळ उडवायचे आणि आम्ही रस्त्याच्या कडेनं मान खाली घालून घरी जायचो.

त्या वर्षी खेळाच्या नव्या बाई आल्या. पस्तिशीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या, साडी खोचून सायकल चालवणाऱ्या. दुसऱ्या राज्यांत मुली फुटबॉल खेळायला लागल्यात, असं त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. एका दुपारी त्यांनी खो-खोचा सगळा संघ मैदानात उभा केला, मधे चेंडू ठेवला आणि म्हणाल्या, "हात लावायचा नाही. बाकी काय वाटेल ते करा."

मी उंच होते म्हणून मला गोलात उभं केलं. हात लावायची परवानगी असलेली मी एकटीच. पुढे कॅप्टनही केलं, कारण माझे वडील गिरणीत कारकून होते आणि गिरणीच्या संघाचे जुने बूट तेच मिळवून देऊ शकत होते. बूट बाप्यांच्या मापाचे. पुढच्या टोकात सुताचा कचरा कोंबून आम्ही ते घालायचो. पळताना तो गोळा होऊन बोटांना टोचायचा.

आमच्यातली खरी खेळाडू एकच होती, पुढं माझी मैत्रीण झाली ती. ती पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या घरातली. वडील छातीच्या दुखण्यानं गेलेले, आई घरी बसून विड्या वळायची, मोठा भाऊ दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला. लहानपणी ती भावाबरोबर बोळात चिंध्यांचा चेंडू खेळली होती. त्यामुळं बाईंनी चेंडू ठेवला तेव्हा आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघत हसत होतो आणि ती मात्र पुढं येऊन तो पायाखाली घेऊन उभी राहिली. बोलायची कमी. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटी थोडी ओढायची, त्यावरून मुली चिडवायच्या. मैदानावर कुणी चिडवत नव्हतं. तिच्या पायातून चेंडू काढून घेणं आमच्यापैकी कुणालाच जमलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात शहरातल्या काही हौशी मंडळींनी समिती काढून मुलींच्या फुटबॉलची स्पर्धा भरवली. बाहेरगावचे संघ आले. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, गावात अजून माणसांची वर्दळ होती. मैदानाला एका बाजूला भिंत आणि लोखंडी दरवाजा, बाकी तिन्ही बाजूंनी पत्रे ठोकले, आत खेळाच्या पट्ट्याभोवती दोरी बांधली आणि तिकीट लावलं. पहिल्या दिवशी थोडेच लोक आले. मग गावात बोलबाला झाला. पोरी हाफ पँट घालून खेळतात, हे कळल्यावर गर्दी वाढत गेली.

आमच्या पँटी गुडघ्याला टेकत होत्या. बाईंनी शिंप्याला मुद्दाम तसं सांगितलं होतं.

सेमीफायनलला दोरीबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात आमच्या कॉलेजच्या मुली आणि दोन-तीन प्राध्यापिका, बाकी सगळे पुरुष. गोलकीपर मैदानाच्या टोकाला एकटी असते. माझ्या पाठीमागं हातभर अंतरावर माणसं उभी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती माझ्या पाठीमागून काय काय बोलत होती ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही. मी चेंडूवर डोळे ठेवले. माझ्या मैत्रिणीनं दोन गोल केले. दुसरा गोल तर तिनं अर्ध्या मैदानावरून चेंडू आणून केला आणि तेव्हा काही क्षण ती गर्दीसुद्धा खेळ बघत होती, असं मला वाटलं.

शेवटची शिट्टी झाली आणि दोरी तुटली. लोक आत घुसले. आनंदाच्या भरात अभिनंदन करायला गेले, असं समितीतल्या एका गृहस्थांनी नंतर सांगितलं. मी गोलात होते, मैत्रीण पलीकडच्या टोकाला. मधल्या मैदानात क्षणात नुसती डोकी दिसायला लागली. जिथं ती होती तिथं पांढऱ्या सदऱ्यांचा घोळका झाला. मी पळाले. कुणीतरी माझी वेणी ओढली, मी खाली पडले, उठले. बाई छत्री घेऊन त्या घोळक्यावर तुटून पडल्या होत्या. उलट्या छत्रीच्या मुठीनं त्या दिसेल त्या पाठीवर मारत होत्या. मग पोलिसांच्या काठ्या आल्या आणि घोळका फाकला.

ती उभी होती. दोन्ही हातांनी जर्सी छातीशी घट्ट धरलेली. मागून जर्सी कमरेपर्यंत फाटली होती. उजव्या कानाची पाळी फाटून रक्त मानेवरून खाली येत होतं. कानातली रिंग कुणीतरी ओढून नेली होती. बाईंनी अंगातला स्वेटर काढून तिला घातला. ती रडत नव्हती. टांग्यातून सरकारी दवाखान्यात जाताना ती एकदाच बोलली, "रिंग अम्माची होती."

त्या दिवशी माझे वडील गर्दीत होते. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आईनं दुसऱ्यांदा भाकरी वाढली तेव्हा ताटाकडं बघत म्हणाले, "मी मधे शिरायला बघत होतो. जमलं नाही मला." आणि ती तशीच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात समितीची बैठक झाली. कॅप्टन म्हणून मलाही बाईंबरोबर बोलावलं होतं. फायनलला आलेला बाहेरगावचा संघ परत जायला निघाला होता, त्यांच्या बरोबर आलेले सर बॅगा भरूनच बैठकीला आले होते. समितीचे सेक्रेटरी सफारी घातलेले, स्वच्छ दाढी केलेले, शांत आवाजाचे गृहस्थ होते. ते म्हणाले, घडलं ते वाईटच घडलं, पण आता वाढवण्यात अर्थ नाही. पोलिसांत तक्रार केली तर मुलीचंच नाव होईल.

"तक्रार मी देते," बाई म्हणाल्या. "माझं नाव होऊ दे."

"तुम्ही बाहेरच्या आहात बाई. उद्या बदली होऊन जाल. ती मुलगी इथं राहणार आहे."

समितीतले एक वयस्कर सभासद म्हणाले, "पोषाखाचाही विचार व्हायला हवा होता. असे कपडे घातल्यावर..."

"कपडे त्यांनी फाडले, साहेब," बाई म्हणाल्या. "आम्ही अख्खे घालून आलो होतो."

चहा आला. शेवटी ठरलं की स्पर्धा मोडायची नाही, कप आणलेला आहे, पाहुण्यांना शब्द दिलेला आहे. फायनल एक दिवस सोडून सकाळी लवकर खेळवायची, दरवाजा बंद करून. एकही प्रेक्षक आत येणार नाही. बाहेर पोलीस उभे राहतील. तक्रारीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. बाहेर आल्यावर बाई व्हरांड्यात थांबल्या आणि भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांना चक्कर आली. त्या म्हणाल्या, "काही नाही. चल, तिच्या घरी जाऊ."

तिच्या बोळात दोन्हीकडून मागांचा खडखडाट चालू होता. बोलायचं तर ओरडावं लागायचं. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. पडवीत तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मैत्रीण आत भिंतीकडं तोंड करून बसलेली, कानावर पांढरी पट्टी. भाऊ दारात उभा राहिला. तो माझ्याहून फार मोठा नव्हता.

"झालं तेवढं बास की बाई," तो म्हणाला. "मागावर मला तोंड दाखवायला जागा न्हाई. लोक इचारतात, तुजी भैनच का ती. काय सांगू मी?"

"सांग की व्हय, माजीच," पडवीतून तिची आई म्हणाली. सूप बाजूला ठेवून ती उठली. बारीक चणीची, तंबाखूनं बोटं पिवळी पडलेली बाई. तिनं आमच्या बाईंना खाली सतरंजीवर बसवलं आणि विचारलं, "परवा पण लोक येणार का?"

"नाही. एकही माणूस आत नसेल."

"मग जाऊ दे तिला. आणि मी पण येते. दोन वर्सं झाली पोरगी खेळतीय. काय खेळती, कसं खेळती, मी कदी बगितलं न्हाई. कान फाटंस्तवर काय असतंय त्यात, एकदा बगू तर दे."

भाऊ तेलुगूत काहीतरी मोठ्यानं बोलला. आईनं त्याच भाषेत एकाच वाक्यात उत्तर दिलं. तो चप्पल घालून निघून गेला.

फायनलच्या दिवशी चांगलीच थंडी होती. आम्ही कॉलेजातून रांगेनं चालत निघालो. मैदानाशी पोचलो तेव्हा रस्त्याच्या पलीकडं पंचवीस-तीस माणसं उभी होती, पोलीस त्यांना हटकत होते. दरवाजापाशी माझी मैत्रीण आणि तिची आई आधीच येऊन थांबल्या होत्या. आईनं लग्नात नेसावी तशी जरीकाठाची साडी नेसली होती आणि डोक्यावरून पदर घेतला होता.

हवालदारानं आम्हाला एकेकीला आत सोडलं. तिच्या आईपुढं त्यानं काठी आडवी धरली. "खेळाडू सोडून कुणी न्हाई."

"माजी पोरगी हाय ह्यांच्यात."

"असू दे की. हुकूम हाय वरचा."

बाई आत जाऊन सेक्रेटरींना घेऊन आल्या. ते दरवाजाच्या आतच उभे राहिले. बाईंनी त्यांना सांगितलं, ज्या मुलीचा कान फाटला तिची ही आई. एवढी एक बाई कोपऱ्यात उभी राहील.

"मला समजतं ना," सेक्रेटरी म्हणाले. "पण एका आईला सोडलं तर बाकीच्यांना काय उत्तर द्यायचं? नियम केला तो तुमच्याच मुलींसाठी केला."

माझी मैत्रीण बाहेरच थांबली होती. ती म्हणाली, "मग मी पण नाही जात."

तिच्या आईनं तिच्या पाठीत हलकासा धक्का दिला. "जा. खेळ. मी बसते हितं भिंतीला. सकाळचं ऊन बरं वाटतंय." ती खरंच भिंतीच्या कडेला पदर सावरून बसली. मैत्रीण आत आली आणि तिच्यामागं दरवाजाला आतून अडसर पडला.

आत मंडपात खुर्च्या मांडल्या होत्या. समितीचे लोक होते, त्यांच्याबरोबर त्यांचे पाहुणे होते, कुणाचे मेहुणे, कुणाचे भागीदार, एका वकिलांची दोन मोठी मुलं. सगळे मिळून वीसेक पुरुष असतील. त्यांना कुणी प्रेक्षक म्हणत नव्हतं. थरमासमधून चहा चालला होता.

खेळ सुरू झाला. मी इतकी शांतता मैदानावर कधी अनुभवली नव्हती. बूट चेंडूवर बसल्याचा आवाज येत होता, मुलींच्या धापा ऐकू येत होत्या, समोरच्या संघातली एक मुलगी पळताना स्वतःशीच पुटपुटत होती ते मला गोलातून ऐकू येत होतं. माझ्या पाठीमागं आज कुणी नव्हतं, तरी मी दर थोड्या वेळानं वळून बघत होते. बाकीच्याही तशाच होत्या. चेंडू आला की आधी दचकायच्या, मग मारायच्या.

माझी मैत्रीण एकटीच खेळत होती. डोक्यानं चेंडू घेऊ नकोस, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तिनं एकदा घेतलाच आणि कान धरून खाली बसली. पट्टीवर लाल डाग आला. उठली आणि पुन्हा पळायला लागली. हाफटाइमला थोडाच वेळ राहिला असताना तिला उजव्या बाजूला चेंडू मिळाला. दोघींना चुकवून ती आत वळली आणि तिनं इतका खाली, इतका सरळ मारला की गोलकीपर वाकेपर्यंत चेंडू जाळ्यात गेला होता. आम्ही मुलींनी आरडाओरडा केला. मंडपातून चार-पाच टाळ्या आल्या, कपबशी खाली ठेवून वाजवाव्यात तशा.

हाफटाइमला आम्हाला मोसंबीच्या फोडी दिल्या. तिनं घेतल्या नाहीत. ती मंडपाकडं बघत होती. मग ती उठून सरळ तिकडं चालत गेली. बाई तिच्यामागं, बाईंच्या मागं मी.

सेक्रेटरी उठून उभे राहिले. "छान गोल केलास हं, बाळ."

"हे कोण सगळे?" तिनं विचारलं. तिचा आवाज मोठा नव्हता.

"हे आपले पाहुणे आहेत."

"माझ्या अम्माला खुर्ची नको. ती उभी राहील."

"ते सकाळीच बोलणं झालंय ना," सेक्रेटरी म्हणाले. आता ते बाईंकडं बघत होते. "बाई, मुलींना शिस्त लावा जरा. खेळ सुरू करायचाय."

बाई म्हणाल्या, "तिला आत घ्या. मी हात जोडते."

सेक्रेटरींनी घड्याळात पाहिलं. वकिलांचा एक मुलगा हसला, कशाला ते माहीत नाही.

माझी मैत्रीण खाली बसली. तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, आतला सुताचा गोळा काढून टाकला आणि बूट माझ्या हातात दिले. मग ती अनवाणी दरवाजाकडं चालायला लागली. मी तिला हाक मारली. मी म्हणाले, आपण पुढं आहोत, अर्धाच खेळ राहिलाय. तिनं मागं पाहिलं नाही. तिनं स्वतःच अडसर काढला. बाहेर पडणाऱ्याला अडवायचा हुकूम हवालदाराला नव्हता. ती गेली आणि त्यानं दरवाजा पुन्हा लोटून घेतला.

आम्ही तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली आणि खेळलो. दोन गोल खाल्ले. पहिला पेनल्टीवर, दुसरा अगदी शेवटी. कप दुसऱ्या संघाला गेला. त्यांच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता, त्यांच्या कॅप्टननं कप घेतला आणि लगेच आपल्या सरांच्या हातात देऊन टाकला. भाषण झालं. महिलांच्या प्रगतीबद्दल सेक्रेटरी बराच वेळ बोलले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा त्या दोघी भिंतीशीच होत्या. मला वाटलं होतं आई तिला जवळ घेऊन बसली असेल. आई तिच्यावर ओरडत होती, निम्मं तेलुगूत, निम्मं मराठीत. आम्हाला बघून ती बाईंकडं वळली. "तुमीच सांगा हिला. असं अर्द्यातनं कुणी येतंय का? मी हितं बसून ऐकत हुते सगळं. पोरी वरडल्या तवाच कळलं मला, हिनंच मारला आसंल. लई बरं वाटलं. आन् ही आली की उठून! कशाला आली? मी काय मेले हुते का हितं?"

मैत्रीण गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. सेमीफायनललाही ती रडली नव्हती, मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. बाई तिच्याशेजारी मातीत बसल्या. आम्ही सगळ्या बूट हातात घेऊन तिथं उभ्या राहिलो, शेवटी पोलीस म्हणाला, "चला पोरींनो, रस्ता मोकळा करा."

वर्तमानपत्रात बातमी आली ती विजेत्या संघाची, आणि शिस्तबद्ध आयोजनाबद्दल समितीचं अभिनंदन. समितीनं कॉलेजला कळवलं की सामना सोडून जाणाऱ्या खेळाडूला पुन्हा स्पर्धेत घेऊ नये. प्राचार्यांनी त्याहून पुढं जाऊन फुटबॉलच बंद केला. बाई पुढच्या जूनमध्ये परत आल्या नाहीत. कुणी म्हणायचं त्यांना काढलं, कुणी म्हणायचं त्यांनीच राजीनामा दिला. मी त्यांच्या खोलीवर जाऊन आले, तिथं दुसरं बिऱ्हाड आलं होतं. माझ्या मैत्रिणीनं परीक्षा दिली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती भिवंडीला गेली, तिकडंही मागांच्याच बोळात. लग्नाला मला बोलावलं नव्हतं. भावानं बोलावू दिलं नसावं.

नंतर एकदाच भेटली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा मी शाळेत नोकरीला लागले होते. कळलं म्हणून गेले. अम्मा बाजारात गेली होती. मैत्रीण पडवीत बसून विड्या वळत होती, मुलगी शेजारी गोधडीवर झोपलेली. खूप वाळली होती. समोरचा एक दात पडला होता. कशानं पडला ते मी विचारलं, ती म्हणाली, "पडला."

थोडा वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. भिवंडीचं पाणी, माझी शाळा, मुलीचं बारसं. मागांच्या आवाजात निम्मं ऐकूच येत नव्हतं. मग हातातलं पान कातरता कातरता तिनं वर न बघता विचारलं, "त्या दिवशी दुसरा गोल कसा खाल्लास?"

मी सांगितलं. कॉर्नर होता. मी पुढं आले, चेंडू माझ्या डोक्यावरून मागं गेला, मागं त्यांची ती पुटपुटणारी मुलगी उभी होती. मी वळेपर्यंत तिनं मारला होता.

तिनं हात थांबवून नीट ऐकलं. मग जमिनीवर एक तेंदूचं पान ठेवलं, त्याच्यासमोर दुसरं. "हा गोल. ही तू. तू पुढं यायचंच नव्हतं. त्या पोरीला मी पहिल्या अर्ध्यातच बघितलं होतं, ती मागंच थांबायची." तिनं माझं पान बोटानं थोडं डावीकडं सरकवलं. "हितं उभं राहायचं."

मुलगी जागी झाली आणि रडायला लागली. मैत्रिणीनं पानं गोळा करून सुपात टाकली आणि मुलीला मांडीवर घेतलं.